परकं पाणी, उसनी नाव

संपादकांनी यंदाचा विषय ठरवला ‘पाण्यावरची माणसं’ आणि माझ्या वाट्याला वॉटर-स्की आलं. मोटरबोटीमागे दोरी धरून पाण्यावर उभ्याने घसरत जायचा हा खेळ. त्याच्या बक्षिसाच्या स्पर्धा होतात आणि खेळाडू त्यासाठी या खंडातून त्या खंडात जातात. असा प्रवास करणारा कोणी मराठी, जमल्यास पुणेकर, गाठून त्याच्यावर लिहायचं, अशी मागणी होती.

मी राहायला सदाशिव पेठेत. इथे पाणी हा विषय नळ किती वाजता येतो आणि किती वाजता जातो इथपर्यंतच असतो. फार तर एखादे आजोबा पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणून भरलेल्या हौदांची गोष्ट काढतात, तिथून १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्यावर येतात आणि नदीकडच्या कोणत्या वाड्यात पाणी कुठवर चढलं होतं ते हाताने दाखवतात. पेरूगेटापाशी चहा पिताना मी वॉटर-स्कीबद्दल विचारलं, तर पाण्यावर उभं राहायचंच कशाला, असा उलटा प्रश्न आला. प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता.

चौकशी चालू ठेवली. पानशेतला, पवनेला, तारकर्लीला मोटरबोटी आहेत. त्यांच्यामागे हवेने फुगवलेला लांबडा पिवळा फुगा ओढत नेतात, त्यावर पाच-सहा जण ओरडत बसतात आणि शेवटच्या वळणावर त्यांना मुद्दाम पाण्यात पाडतात. पैसे वसूल, मंडळी खूश. पण या वाटेने गेलं तर स्पर्धेच्या वॉटर-स्कीपर्यंत पोहोचता येत नाही. ज्या पाण्यात हा खेळ रुजला ते पाणी फ्लोरिडात आहे, मेलबर्नला आहे.

मात्र पाण्यावर खेळणं हेच काम आणि त्यासाठी परदेशी जाणं ही ड्युटी, अशी माणसं पुण्यात आहेत. ती दापोडीला राहतात, पगार लष्कराचा घेतात आणि वल्ही मारतात. त्यांना शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. आश्चर्य एवढंच की आमच्या पेठेत त्यांची नावं कोणाला सांगता येत नव्हती.

आखूड होत जाणारी दोरी

आधी वॉटर-स्कीचा हिशेब पुरा करतो, कारण या वल्हेवाल्यांचं, म्हणजे रोईंगवाल्यांचं, दुखणं त्यातून नीट कळतं.

१९२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेक सिटी नावाच्या गावी, राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाने पाइनच्या दोन फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली. भावाला मोटरबोट चालवायला बसवलं, दोरी धरली आणि पेपिन तळ्यावर बरेचदा बुडून शेवटी उभा राहिला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत फ्लोरिडाच्या सायप्रेस गार्डन्समध्ये याच खेळाचे तिकीट लावून प्रयोग व्हायला लागले. तिथे एकाच्या खांद्यावर दुसरा असे थर रचत आणि सगळा मनोरा बोटीमागे फिरवत. आपली दहीहंडी, पण पायाखालचा रस्ता पळतोय. ती जागा आज लेगोलँड झाली आहे.

स्पर्धेत स्लॅलम, ट्रिक आणि उडी असे तीन प्रकार. त्यातला स्लॅलम मला सर्वांत क्रूर वाटला. बोट मधल्या रेषेत सरळ जाते. त्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर, आलटून पालटून डावीउजवीकडे, सहा बोये तरंगत असतात आणि खेळाडूने प्रत्येकाला बाहेरून वळसा घालायचा असतो. पुरुषांसाठी बोटीचा सर्वाधिक वेग ताशी ५८ किलोमीटर, मार्ग २५९ मीटरचा. म्हणजे सहा वळसे सोळा सेकंदांत. सगळे जमले की शाबासकी म्हणून दोरी आखूड केली जाते. सुरुवात सव्वाअठरा मीटरपासून, मग सोळा, मग सव्वाचौदा, अशी उतरत उतरत ती सव्वाअकरावर येते, त्याच्याही खाली जाते. बोया साडेअकरा मीटरवर आणि दोरी सव्वाअकराची! उरलेलं अंतर माणसाने आपलं अंग पाण्यावर जवळजवळ आडवं टाकून, एक हात ताणून भरून काढायचं. कधी ना कधी तो चुकणारच. जो सर्वांत उशिरा चुकतो तो जिंकतो.

या खेळाडूंचं सामान म्हणजे आपली स्की, जॅकेट, हातमोजे आणि दोरीचा दांडा. बोट मात्र आयोजकांची, चालकही त्यांनीच नेमलेला, वेग उपग्रहावरून नियंत्रित होणारा. मार्चमध्ये मेलबर्नला शहराच्या मधोमध यारा नदीवर मूम्बा मास्टर्स होते, मे महिन्याच्या अखेरीस जॉर्जियातल्या कॅलवे गार्डन्सच्या रॉबिन तळ्यावर मास्टर्स होते. एक गढूळ नदी, दुसरं आखीव तळं. दोन्हीकडे ओढणारी बोट परक्याची.

आणि ज्यांना आपण व्यावसायिक म्हणतो त्यांतल्या बहुतेकांचं घर बक्षिसाच्या पैशावर चालत नाही. ते शिकवण्या घेतात, स्की बनवणाऱ्या कंपन्यांचं नाव अंगावर मिरवतात. ऑलिंपिकचा दरवाजा १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकापुरता किलकिला झाला होता. पदकाचा खेळ म्हणून वॉटर-स्की तिथे कधीच आलं नाही.

हॅरिस पुलापलीकडे

मुंबईच्या जुन्या रस्त्याने खडकी, बोपोडी मागे टाकून हॅरिस पूल ओलांडला की दापोडी. कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, म्हणजे सीएमई, इथलं. रस्त्यावरून भिंत दिसते, झाडं दिसतात, पहारा दिसतो. भिंतीच्या आत शर्यतीसाठी आखलेला पाण्याचा लांब सरळ पट्टा आहे, हे शेजारून रोज बसने जाणाऱ्यालाही माहीत नसतं. लष्कराचं रोईंगचं केंद्र, म्हणजे आर्मी रोईंग नोड, ते हेच. राष्ट्रीय स्पर्धा इथे झाल्या आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये लाइटवेट डबल स्कल्समध्ये, म्हणजे कमी वजनाच्या जोडीच्या शर्यतीत, अकरावे आलेले अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग इथे घडले. पॅरिसला एकट्याने नाव वल्हवणारा बलराज पंवारही इथलाच. पहिला राजस्थानचा, दुसरा उत्तर प्रदेशचा, तिसरा हरियाणाचा. पुण्याने पाणी दिलं आणि माणसं देशभरातून आली.

ती येतात कशी, हे ऐकण्यासारखं आहे. युरोपात रोईंग शाळा-कॉलेजांतून, क्लबांतून, घराण्यांतून चालत येतं. आपल्याकडे मुलगा फौजेत भरती होतो तो शिपाई व्हायला. प्रशिक्षणाच्या मैदानावर रांगेत उभा असताना कोणा उस्तादाची नजर त्याच्या उंचीवर जाते. हात लांब आहेत का, पाठ रुंद आहे का, दम आहे का, हे पाहतात. पोहता येतं का, हा प्रश्न नंतरचा. मग त्याला एर्गोमीटरवर बसवतात. हे घसरत्या बैठकीचं, साखळी ओढायचं यंत्र असतं आणि समोरच्या छोट्या पडद्यावर आकडे पळतात. ते आकडे बरे आले तर त्या मुलाच्या आयुष्याची दिशा बदलते. ज्याने गावात विहिरीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही, तो वर्षाभरात हातभर रुंदीच्या नावेत बसून अंतर कापायला लागतो.

खरंच हातभर रुंदीची. सिंगल स्कल ही एकट्याची नाव आठ मीटरहून थोडी लांब आणि नियमाप्रमाणे किमान १४ किलो वजनाची. कार्बनचं पातळ कवच, त्यावर रुळांवर सरकणारी बैठक, पाय बांधायला पाटीवर ठोकलेले बूट. वल्ही हातातून सोडली तर नाव पाण्यावर स्थिर राहत नाही, ती लगेच कलते. तोल वल्ह्यांनीच सांभाळायचा आणि वेगही त्यांनीच घ्यायचा. वर तोंड मागे. दोन हजार मीटरची शर्यत पूर्ण होईपर्यंत खेळाडूला अंतिम रेषा दिसत नाही, फक्त आपण मागे टाकलेली माणसं दिसतात. पुढे निघून गेलेली दिसत नाहीत, हे एक बरं म्हणायचं.

खिशात दहा नंबरचा पाना

क्रिकेटपटू आपली बॅट घेऊन जातो, नेमबाज परवाना काढून बंदूक नेतो. रोईंगवाल्याची नाव विमानात मावत नाही.

देशातल्या देशात तोड निघते. भोपाळचा बडा तलाव, हैदराबादचा हुसेनसागर अशा ठिकाणी स्पर्धा असली की नावा रस्त्याने जातात. दोन्ही बाजूंना पंखासारखे असलेले धातूचे आडणे, म्हणजे रिगर, पाना घेऊन एकेक बोल्ट काढत सोडवतात. नाव धुऊन, पुसून, कापडात गुंडाळून गाडीच्या लोखंडी हातांवर पालथी घालतात आणि पट्ट्यांनी आवळतात. पट्टा कमी आवळला तर नाव वाटेत घासत जाते, जास्त आवळला तर कवच चेपतं. गाडीमागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं. मग घाट, गतिरोधक, टोलनाका. चौघांची नाव किमान ५२ किलोची, आठ जणांची ९६. वजनाचा त्रास नाही, लांबीचा आहे. आठ जणांची नाव म्हणूनच अनेकदा मधोमध जोड ठेवून दोन तुकड्यांत बनवतात.

परदेशात मात्र नाव भाड्याने घ्यावी लागते. जर्मनीची एम्पाखर, इटलीची फिलिप्पी असे कारखानदार मोठ्या स्पर्धांच्या ठिकाणी नावा आणि कारागीर घेऊन हजर असतात. पैसे भरायचे, आपल्या वजनाच्या बेतातली नाव मागायची आणि मिळेल ती घ्यायची. वल्ही कधी लांबट पेटीतून सोबत नेतात, कधी तीही तिथलीच.

त्यानंतर सुरू होतं ते या प्रवासातलं सर्वांत किचकट काम. दोन बाजूंच्या वल्ह्यांच्या कड्यांमधलं अंतर साधारण १५८ ते १६० सेंटिमीटर असतं, पण प्रत्येकाचं स्वतःचं माप ठरलेलं असतं आणि त्यात एका सेंटिमीटरचा फरक पडला तरी खांद्यांना कळतं. कड्याची उंची, वल्ह्याच्या पात्याचा कल, पायाच्या पाटीचा कोन, बैठकीचे रूळ, सगळं आपल्या अंगाप्रमाणे लावून घ्यायचं. त्यासाठी रोईंगवाल्याच्या खिशात किंवा पिशवीत दहा नंबरचा पाना असतोच, जोडीला तेरा नंबरचा. मापं वहीत टिपलेली असतात. विमानातून उतरून, सामान खोलीवर टाकून माणूस भाड्याच्या नावेशी उकिडवा बसतो आणि टेप लावून मोजत राहतो. वॉटर-स्कीवाल्याचं नशीब त्या मानाने बरं, कारण त्याची पायातली वस्तू तरी त्याची असते.

पाणी तर कोणालाच नेता येत नाही. टोकियोचं सी फॉरेस्ट हे पाणी खाडीतलं, खारं. तिथे लाटा शांत करायला लावलेल्या तरंगत्या पट्ट्यांवर कालवं इतकी चिकटली की पट्ट्या बुडायला लागल्या. ऑलिंपिकआधी १४ टन कालवं खरवडून काढावी लागली, खर्च १४ कोटी येन. कोकणातल्या एखाद्याने हे काम फुकट केलं असतं, आणि कालवं घरी नेली असती.

तळेगाव रोहीचा दत्तू

संपादकांना हवा होता तसा मराठी माणूस या सगळ्यात एक आहे. दत्तू बबन भोकनळ. गाव तळेगाव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. चांदवडचा तो भाग ज्यांनी एप्रिलमध्ये पाहिला आहे त्यांना पाणी या वस्तूची तिथली किंमत सांगायला नको. वडील विहिरी खोदायचे, मुलगाही त्यांच्याबरोबर खोदायचा. वडील गेले, घर याच्यावर आलं. पेट्रोल पंपावर नोकरी करत शिकला. २०१२ मध्ये फौजेत भरती झाला तो खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. सहा फुटांहून बरीच जास्त उंची होती. तिथल्या उस्तादाने ती हेरली आणि त्याला पाण्याकडे नेलं. पाण्याची भीती वाटायची, असं त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं आहे.

२०१५ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं. २०१६ च्या एप्रिलमध्ये दक्षिण कोरियात चुंगजूच्या पात्रता स्पर्धेत दुसरा येऊन त्याने रिओचं तिकीट मिळवलं. त्या वर्षी भारतातून रोईंगसाठी जाणारा तो एकटा. घरी आई अपघातात डोक्याला मार लागून अंथरुणावर होती.

रिओत रोईंग झालं ते लागोआ रॉड्रिगो दे फ्रेतासवर. डोंगर, मागे कोर्कोवाडोचा येशू, चित्रात फार सुंदर. पण पहिल्याच दिवशी वारा असा सुटला की सर्बियाची जोडी शर्यतीत उलटली, आणि दुसऱ्या दिवसाच्या शर्यती रद्दच कराव्या लागल्या. खळबळत्या पाण्यात वल्हं उचलताना लाटेला अडकतं, नाव झटका खाते, मागच्या दोन वर्षांत घोटून घेतलेली लय एका क्षणात मोडते. दत्तू आपल्या गटात तिसरा येऊन पुढे गेला. उपान्त्यपूर्व शर्यतीत पहिले तीन पुढे जाणार होते, तो ६ मिनिटं ५९.८९ सेकंदांत चौथा आला. पदकाचा रस्ता तिथे बंद झाला.

त्यानंतरही शर्यती असतात, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. पदक मिळणार नाही हे ठरलेली माणसं क्रमांकासाठी वल्हवतात. तेरावा ते अठरावा क्रमांक ठरवणारी शर्यत दत्तूने ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत जिंकली. रिओतली त्याची सर्वांत वेगवान वेळ ही. तो जगात तेरावा आला. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट पाहतात त्या जिल्ह्यातला मुलगा, चार वर्षांपूर्वी नाव कशी असते ते माहीत नसलेला, जगात तेरावा. पेठेत त्या ऑगस्टमध्ये सिंधू आणि साक्षीच्या पदकांवर भरपूर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. तेराव्या क्रमांकावर चर्चा करायची आपल्याला सवय नाही.

पालेमबांगचे दोन दिवस

२०१८ चे आशियाई खेळ जकार्ता आणि पालेमबांग या दोन शहरांत वाटलेले होते, आणि रोईंग सुमात्रा बेटावरच्या पालेमबांगला होतं. विषुववृत्ताजवळची ऑगस्टमधली उष्णता. २३ ऑगस्टला सिंगल स्कल्सच्या अंतिम शर्यतीत दत्तू मध्येच थांबला आणि सर्वांत शेवटी पोहोचला. अंगात ताप होता, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा नावेत बसला, या वेळी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या क्वाड्रुपल स्कल्समध्ये. ६ मिनिटं १७.१३ सेकंद. सुवर्ण.

गोष्ट इथे संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात गेली असती. २०१९ मध्ये रोईंग महासंघाने सुवर्णाच्या आदल्या दिवशीच्या शर्यतीबद्दल, मुद्दाम थांबल्याचा ठपका ठेवून, दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. २०२० च्या जानेवारीत ती उठवली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

महासंघाने शिस्तीकडे पाहिलं, हे समजू शकतं. मला मात्र शर्यतीची मांडणी दिसते. एकच माणूस दोन दिवसांत दोन अंतिम शर्यती वल्हवतो. दोन हजार मीटरनंतर पायांत आम्ल साठतं, उभं राहवत नाही, अनेकजण नावेतच आडवे होतात. तापात हे सगळं दुप्पट. एकट्याची शर्यत आधी, चौघांची नंतर. पहिल्या दिवशी पूर्ण ताकद लावली असती तर दुसऱ्या दिवशी उरली असती का, याचं उत्तर मोजपट्टीने काढता येत नाही. सुवर्णपदकाचा चौथा हिस्सा मात्र गळ्यात पूर्णच घातला जातो.

अभ्यासिका आणि एर्गोमीटर

सदाशिव पेठेत आता राहतात ते मुख्यतः स्पर्धापरीक्षेवाले. वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत मजल्यामजल्यावर अभ्यासिका आहेत. रात्री अकराला दिवे चालू, खाली खानावळीपुढे रांग, चपलांचा ढीग. चांदवड, माण, पाटोदा, जत अशा तालुक्यांतून आलेली ही मुलं-मुली. त्यांच्यातल्या काहींशी दत्तूबद्दल बोलताना लक्षात आलं की त्यांना त्याची नोकरी सर्वांत आधी आठवते, पदक त्यानंतर. नायब सुभेदार, हवालदार अशा हुद्द्यांचा पगार, बढती, निवृत्तिवेतन हे त्यांना तोंडपाठ. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, कोणत्या खेळाचं कोणतं प्रमाणपत्र चालतं, पडताळणी कुठे होते, बोगस प्रमाणपत्रांच्या भानगडीनंतर काय बदललं, यावर तर एकाने मला शिकवणीच दिली.

मला हे खुजं वाटलं नाही. वॉटर-स्कीचा अमेरिकन खेळाडू शिकवण्या घेऊन जगतो, आपला रोईंगवाला शिपायाचा पगार घेऊन जगतो. बक्षिसाच्या पैशावर दोघांचंही भागत नाही. फरक असा, की शिकवण्या बंद पडू शकतात आणि फौजेचा पगार पहिल्या तारखेला येतो. विमानाचं तिकीट, परदेशातली भाड्याची नाव, प्रशिक्षक, आहार, जखम झाली तर लष्करी दवाखाना, या सगळ्यामागे ती नोकरी आहे. नोकरीशिवाय रोईंग करणारा मुलगा आपल्याकडे कॉलेज संपलं की थांबतो. म्हणून देशाच्या संघात इतके फौजी दिसतात. उंची इतरांकडेही असते. सकाळ-संध्याकाळ वल्हवायची मोकळीक नसते.

पेठेच्या जवळच एका व्यायामशाळेत एर्गोमीटर आहे. कोपऱ्यात, कोणी बसत नाही. मी बसलो. जागतिक दर्जाचे पुरुष दोन हजार मीटर सहा मिनिटांच्या आत ओढतात. मी अर्ध्यावर उतरलो आणि किती मिनिटं झाली होती हे सांगणार नाही.

संगमाच्या काठी

वल्हवण्याची पगाराशिवायची बाजू पाहायची असेल तर पुण्यातल्या नद्यांच्या संगमावर जावं. बंडगार्डनच्या बंधाऱ्याने नदीचं पाणी मागे फुगतं, म्हणून इथे वल्हवण्यापुरतं खोल पाणी राहतं. इंग्रजांनी याच फुगवट्यावर आपला बोट क्लब काढला, तो बोट क्लब रोड. संगमाजवळ सीओईपीचा, म्हणजे पूर्वीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब आहे, आणि तिथे मुलं दरवर्षी रेगाटा करतात. त्याला आता जवळजवळ शंभर वर्षांची परंपरा आहे. शर्यतींबरोबर तो एक जलसाही असतो. पंट फॉर्मेशनमध्ये सपाट तळाच्या नावा रांगेत येऊन आकृत्या करतात, कयाकचा बॅले होतो, अंधार पडल्यावर मशाली निघतात. प्रेक्षक काठावर दाटीने बसतात. सायप्रेस गार्डन्सवाल्यांना हे पाहून अगदी घरच्यासारखं वाटलं असतं.

फक्त त्यांनी नाक धरलं असतं. नदीची अवस्था पुणेकराला सांगायला नको. उन्हाळ्यात जलपर्णी एवढी माजते की पाणी कुठे आणि हिरवळ कुठे हे कळत नाही. मुलं आधी ती ओढून बाजूला काढतात, मग नाव घालतात. एका वल्ह्याभोवती वेल गुंडाळली गेली की नाव गरकन फिरते, हे मी काठावरून पाहिलं; मुलगा हसला, वल्हं झटकलं, पुन्हा निघाला. यातल्या बहुतेकांना पुढे नोकरी लागेल ती हिंजवडीत किंवा अमेरिकेत. चार वर्षं या पाण्यावर घालवलेली कोणी इंजिनिअर मंडळी आता परदेशातल्या क्लबांतून हौसेने वल्हवतात, असं तिथे ऐकलं. तिथलं पाणी स्वच्छ असतं एवढाच बदल.

पंधराशे मीटर आणि वाळू

दापोडीत सध्या ज्या गोष्टीचा विचार चालू असणार ती वेगळीच आहे. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये लाँग बीचला शर्यत दोन हजारऐवजी पंधराशे मीटरची होणार, कारण तिथला जुना जलमार्ग तेवढाच पुरतो. पाचशे मीटर कमी म्हणजे दमापेक्षा ताकदीला भाव. आणि लाइटवेट प्रकार पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून गेला. पुरुषाने वैयक्तिक ७२.५ किलो, जोडीची सरासरी ७० किलो, अशी मर्यादा असायची. शर्यतीआधी तासा-दोन तासांत वजन द्यायचं आणि त्यासाठी आदल्या दिवसापासून पाणीसुद्धा घोट मोजून प्यायचं. मध्यम बांध्याच्या भारतीय मुलांची त्या मर्यादेत युरोपच्या दांडग्यांशी गाठ पडत नसे. टोकियोचा अकरावा क्रमांक हा भारताचा ऑलिंपिक रोईंगमधला सर्वोत्तम, आणि तो याच प्रकारातला. तो प्रकारच आता नाही.

त्याच्या जागी समुद्रकिनाऱ्यावरची बीच स्प्रिंट आली आहे. वाळूवरून धावत जायचं, नावेत उडी टाकायची, बोयांना वळसे घालत लाटांतून अडीचशे मीटर आत जायचं, तिथून फिरून सरळ परत यायचं, नाव सोडून पुन्हा वाळूवर धावत सुटायचं. नावा जाड, रुंद, लाटा सोसणाऱ्या. त्या सगळ्यांना सारख्याच मिळतात आणि आयोजकच देतात. टेप, वही, भाड्याचा कारखानदार यांचं काम बरंच कमी होतं. सराव मात्र समुद्रावरच करावा लागतो आणि दापोडीहून सर्वांत जवळचा समुद्र घाटाखाली अलिबागेकडे आहे.